धाकटा असा का? लाभाची ओढ आणि तिची जुनी मुळं

फोंडा तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न: मला दोन मुलगे. थोरला कारखान्यात नोकरीला आहे, पगार झाला की आधी बँकेचा हप्ता भरतो. धाकटा तेविशीचा. आधी मटका, मग मोबाइलवर क्रिकेटचं बेटिंग, आता डोक्यावर कर्ज. गेल्या वर्षी मोटरसायकलवरून पडून हात मोडला, तरी वेग कमी होत नाही. आता जहाजावर नोकरीला जातो म्हणतो. माझे सासरे असेच होते. तरुणपणी घर सोडून मुंबईला, तिथून आखातात गेले, चांगला पैसा मिळवला आणि परत आल्यावर जत्रेतल्या जुगारात शेत घालवलं. घरात सगळे म्हणतात, आजोबांचं रक्त आहे. हे खरंच रक्तात असतं का? आणि इतका घातक स्वभाव माणसांत टिकला तरी कसा?

ताई, तुमचा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मी आधी त्याच्याकडेच जातो, कारण त्याचं उत्तर समजलं की पहिल्या प्रश्नामागची भीती बरीच उतरते. फक्त ‘घातक’ हा शब्द जरा बाजूला ठेवू या. तुमच्या धाकट्याचा जुगार घातक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जुगार म्हणजे त्याचा स्वभाव नव्हे. स्वभाव जुगाराच्या कितीतरी खाली आहे आणि फार जुना आहे.

त्या स्वभावाचं वर्णन साधं आहे. समोर काही मिळण्याची शक्यता दिसली की कोणाचं मन किती जोराने तिकडे धावतं, त्याची मात्रा. जेफ्री ग्रे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० पासून असं मांडलं की मेंदूत दोन निरनिराळ्या यंत्रणा असतात. एक लाभाच्या खुणेला प्रतिसाद देते, दुसरी धोक्याच्या आणि शिक्षेच्या खुणेला. यातलं महत्त्वाचं हे की या दोन यंत्रणा एकमेकींवर अवलंबून नाहीत. पहिली तीव्र असलेल्या माणसाची दुसरी मंद असेलच असं नाही. काही जणांत दोन्ही तीव्र असतात. अशी माणसं पैसे लावतात आणि रात्रभर झोपतही नाहीत. तुमच्या मुलाला भीती वाटत नाही असं घरात सगळे धरून चालले असतील, तर एकदा त्यालाच विचारून बघा. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांपैकी बरीच मुलं घाबरलेली असतात. भीती त्यांना थांबवू शकत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

आता मेंदूत काय चालतं ते. डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, आणि त्यामुळे घरच्यांची मोठी चुकीची समजूत होते. वोल्फ्राम शुल्ट्झ या संशोधकाने माकडांवर केलेले प्रयोग इथे पाहायला हवेत. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की डोपामाइनच्या पेशी जोरात चेततात. मग रसाच्या आधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत त्या पेशी दिव्याला चेतू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. म्हणजे हे रसायन मिळालेल्या वस्तूची गोडी मोजत नाही. अपेक्षा काय होती आणि हाती काय आलं, यातला फरक ते मोजतं आणि त्यावरून मेंदूला शिकवतं. २००३ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. रस येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, म्हणजे येईल की नाही याचा काहीच अंदाज बांधता येत नसला, की दिवा लागल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या त्या थांबण्यात या पेशी सर्वांत जास्त जागत्या राहतात.

मटका खेळणाऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. आकडा लावल्यापासून ओपन, म्हणजे पहिला आकडा, येईपर्यंत आणि ओपनपासून क्लोज, म्हणजे दुसरा आकडा, येईपर्यंतचा वेळ, हाच सगळा खेळ असतो. हाती आलेले पैसे तो संध्याकाळपर्यंत परत लावतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यातही जोडी, म्हणजे दोन्ही आकडे एकत्र, लावणाऱ्याचं एक वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे: ‘ओपन लागला, क्लोज हुकला.’ हे सांगताना त्याचा चेहरा हरलेल्या माणसासारखा नसतो. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मेंदूच्या चित्रणातून हेच पाहिलं. थोडक्यात हुकलेला डाव खेळणाऱ्याला आवडत नाही, तरीही जिंकल्यावर जे भाग चेततात त्यांतलेच भाग तेव्हाही चेततात आणि पुढचा डाव खेळण्याची इच्छा वाढते. जंगलात याला अर्थ होता. दगड हरणाच्या अगदी जवळून गेला, म्हणजे नेम सुधारतो आहे, पुन्हा मारा. मटक्याच्या आकड्याचा नेम सुधारत नसतो. पण ज्या यंत्रणेने लाखो वर्षं नेम सुधारला, तिला हा फरक ओळखण्याची सोय नाही.

दुसरी गोष्ट घरच्यांनी जरूर समजून घ्यावी अशी आहे. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांवर हे दाखवलं. डोपामाइन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर समोर अन्न असूनही खायला उठत नाहीत, उपाशी मरतील इतके. पण साखरेचं पाणी त्यांच्या जिभेवर घातलं तर ते मिटक्या मारतात. गोडी शिल्लक असते, ओढ गेलेली असते. व्यसनात याच्या उलट होतं. ओढ वाढत जाते, गोडी कमी होत जाते. म्हणून ‘त्यात तुला एवढी काय मजा येते?’ हा प्रश्न त्याला विचारू नका. खरं उत्तर ‘आता येत नाही’ असंच असतं, आणि ते तो तुम्हाला सांगू शकत नाही, कारण मग खेळतो कशाला याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. कंपवाताच्या काही औषधांनी, विशेषतः डोपामाइनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली वयस्क माणसं जुगार खेळू लागल्याची उदाहरणं नोंदवली गेली आहेत. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की बहुतेकांचा जुगार थांबतो. घरात आजोबांना अशी गोळी चालू असेल आणि पैशांची वागणूक अचानक बदलली असेल, तर म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणू नका. डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तर हा स्वभाव टिकला कसा?

लाभाचा मागोवा घेण्याची यंत्रणा माणसापुरती नाही. मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीतही डोपामाइन असतं आणि अन्न लागलं की चाल मंद करण्याचं काम करतं. अन्न शोधणाऱ्या प्रत्येक जिवाला रोज एकच पेच असतो: आहे तिथेच चरत राहायचं की नव्या जागेच्या शोधात जायचं? मधमाश्यांच्या पोळ्यात बहुतेक कामकरी माश्या ठाऊक असलेल्या फुलांकडे जातात आणि थोड्या माश्या पुनःपुन्हा नवी जागा शोधायला निघतात. २०१२ मध्ये त्या शोधक माश्यांच्या मेंदूतली जनुकं तपासली गेली, तेव्हा डोपामाइनशी संबंधित जनुकांचं कामही इतर माश्यांपेक्षा वेगळं आढळलं. सगळ्याच शोधक झाल्या तर पोळं उपाशी राहील. एकही नसली तर बहर संपल्यावर उपाशी राहील.

पण मधमाश्या एकाच राणीच्या लेकी, एका कुटुंबासाठी राबणाऱ्या. माणसाला जास्त जवळचं उदाहरण पाखरांचं आहे. नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या रानपाखरांवर नील्स डिंगेमान्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. काही पाखरं नव्या जागेत सोडली की धडाधड सगळीकडे फिरून येतात, काही सावकाश बिचकत जातात, आणि हा फरक बऱ्याच अंशी आईबापांकडून पिलांत उतरतो. यातली कुठली जास्त जगतात, याचं उत्तर वर्षागणिक बदललं. बीच झाडाच्या बिया भरपूर आल्या त्या वर्षी एक निकाल, बिया कमी आल्या त्या वर्षी त्याच्या बरोबर उलटा. नर आणि माद्यांचे निकालही एकमेकांच्या उलट. जिथे कुठलाच स्वभाव दर वर्षी जिंकत नाही, तिथे नैसर्गिक निवड दोघांपैकी कोणालाच संपवू शकत नाही. दोन्ही टिकतात.

हे समजायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणपट्ट्यात जी घरं आहेत त्यांना विचारा. २०१२ च्या आधीच्या दशकात चीनला जाणाऱ्या खनिजाला मागणी होती, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेणारा भाऊ हुशार ठरला, एकाचे दोन ट्रक झाले, घरावर स्लॅब चढला. नोकरी धरून बसलेला भाऊ बावळट ठरला. मग २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, नंतर थोड्याफार सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि ट्रक दारात गंजत उभे राहिले. त्याच दोन भावांबद्दल गाव उलटं बोलू लागला. भावांचे स्वभाव होते तेच होते. वर्ष बदललं होतं. तुमच्या सासऱ्यांचंही तसंच. ज्या ओढीने ते ओळखीपाळखीचं कोणी नसताना आखातात पोचले, तिनेच नंतर शेत घालवलं. घरात आज फक्त शेताची गोष्ट सांगतात. त्या शेतात घालायला पैसा कुठून आला होता, तेही मुलाला सांगायला हवं.

डॅनियल नेटल या ब्रिटिश संशोधकाने माणसांत याचा हिशेब मांडून पाहिला. बहिर्मुख, लाभाकडे धावणाऱ्या माणसांना जोडीदार जास्त मिळतात, आणि अपघाताने किंवा आजाराने इस्पितळात दाखल होण्याची वेळही त्यांच्यावर जास्त येते. उत्क्रांतीला हिशेबाची बेरीज दिसते, इस्पितळाबाहेर बसलेली आई दिसत नाही. म्हणून ‘उत्क्रांतीतून आलं आहे’ याचा अर्थ ‘चांगलं आहे’ असा कोणी काढला, तर तो मला मान्य नाही.

आता रक्ताचा प्रश्न. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की स्वभावातल्या माणसामाणसांतल्या फरकांपैकी चाळीस ते पन्नास टक्के फरक अनुवांशिक असतो. याचा अर्थ तुमच्या मुलाचा निम्मा स्वभाव आजोबांचा, असा होत नाही. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. उरलेल्या फरकात एकाच घरात वाढण्याचा, म्हणजे आईबापांनी दोघांना दिलेल्या सारख्या वळणाचा, वाटा फार थोडा निघतो. एकाच आईच्या हाताखाली वाढलेले दोन भाऊ इतके वेगळे निघाले, ही तुमच्या संगोपनातली खोट नाही. ते ओझं तुम्ही उतरवून ठेवा.

आणि ‘जुगाराचं जनुक’ असं एखादं जनुक नसतं. १९९६ मध्ये डीआरडी४ नावाच्या, पेशीवर डोपामाइन टिपणाऱ्या प्रथिनाशी संबंधित एका जनुकाचा नावीन्याच्या ओढीशी संबंध सापडला म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. पुढे अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा तो संबंध टिकला नाही. २०१९ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची जनुकं तपासून जोखीम घेण्याच्या वृत्तीचा अभ्यास झाला. जनुकसंचात ९९ ठिकाणी तिच्याशी जोडलेले बदल सापडले, प्रत्येकाचा परिणाम अगदी बारीक, आणि डोपामाइनच्या गाजलेल्या जनुकांना त्यात काही खास स्थान मिळालं नाही. कोणी लाळ तपासून मुलाचा स्वभाव सांगतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

वयाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. लाभाची ओढ वयात येताना झपाट्याने वाढते आणि तारुण्याच्या आरंभी ऐन भरात असते. तिला आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतीत भरतीचं पाणी किती आत घ्यायचं ते मानस, म्हणजे बांधातलं लाकडी दार, ठरवते. इथे भरती चौदाव्या वर्षी येते आणि मानशीचं काम पंचविशीला पुरं होतं. तुमचा मुलगा तेविशीचा आहे, म्हणजे काम बरंच झालं आहे. आणि भरती अडवणं हा मानशीचा हेतू कधीच नसतो, तेच पाणी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन येतं.

या वयात सोबत्यांचा परिणाम आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळात हे मोजलं. एकटं असताना आणि दोस्त बघत असताना किती जोखीम घेतली जाते? किशोरवयीन मुलं दोस्तांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करत होती, विशी-बाविशीतली मुलंही पत्करत होती, मोठ्या माणसांत मात्र फरक नव्हता. म्हणून ‘हळू चालव’ असं रोज सांगण्यापेक्षा रात्री मागे कोण बसतं, किती जण एकत्र निघतात, यावर बोलणं जास्त उपयोगी. हेल्मेटवर मात्र चर्चा नको, ते हवंच.

आता करायचं काय. सर्वांत आधी: त्याचं कर्ज तुम्ही फेडू नका. तुम्हाला हे कठोर वाटेल, ताई, पण मेंदूच्या हिशेबात आईने फेडलेलं कर्ज हा न खेळता लागलेला आकडा असतो. कर्जाची यादी त्याने स्वतः लिहायची, कोणाचं किती, कुठल्या ॲपचं किती, आणि फेडायचं त्याच्याच कमाईतून, लहान हप्त्यांत. सावकाराची दमदाटी होत असेल तर ती वेगळी बाब आहे, तिथे पोलिसांकडे जा. त्याच्या संमतीने काही महिने पगाराचं खातं असं ठेवा की मोबाइलवरून एका वेळी मोठी रक्कम जाऊ नये. ओढ लाटेसारखी येते आणि न पुरवल्यास बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. पैसे आणि पैज यांच्यात तेवढं अंतर पडलं तरी पुष्कळ काम होतं. मटक्याच्या टपरीपर्यंत निदान चालत जावं लागत होतं. मोबाइलने ते अंतर पुसून टाकलं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण बेकायदा ॲप आणि ओळखीतले बुकी त्याने संपत नाहीत. गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी असूनही गोव्यात जुगाराचे रुग्ण आहेतच.

उपचार आहे आणि तो लागू पडतो. जुगाराच्या विकाराला मानसोपचाराच्या वर्गीकरणात २०१३ पासून व्यसनांच्या रांगेत स्थान मिळालं, आणि त्यामागे हीच मेंदूची कारणं आहेत. बोलण्याच्या उपचारात आम्ही हरण्या-जिंकण्याचे समज तपासतो, ‘आता लागायलाच हवा’ हा विचार कुठून येतो ते त्याच्याकडूनच काढून घेतो, कुठल्या वेळी, कुठल्या मन:स्थितीत हात मोबाइलकडे जातो ते लिहायला लावतो. काहींना नाल्ट्रेक्सोनसारख्या औषधाचा उपयोग होतो. दारू सोबत असेल तर तिचा उपचार एकत्रच करावा लागतो. इथे गोव्यातलाच एक अनुभव सांगतो. ‘संगत’ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून, अति दारू पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकींत बोलणं करून पाहिलं. २०१७ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले: नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्या बोलण्याने जास्त पुरुष सुधारले. ते बोलणं उपदेशाचं नव्हतं. माणसाला स्वतःच्या आयुष्यात काय हवं आहे, तिथून ते सुरू होत होतं. लाभाच्या ओढीच्या माणसाला शिक्षेची भीती घालून फारसं काही साधत नाही. त्याला दुसरा लाभ दिसावा लागतो, आणि तो लवकर दिसावा लागतो.

म्हणून जहाजाला सरसकट नकार देऊ नका. मर्चंट नेव्ही, अग्निशमन दल, किनाऱ्यावरचे जीवरक्षक, पाणबुडे, फिरतीची विक्री, स्वतःचा छोटा धंदा, अशा कामांत हा स्वभाव कामी येतो. टेबलाशी बांधला तर तो मोबाइलकडे वळतो. पण जहाजावर महिनोन् महिने घरापासून दूर, हाती एकरकमी पगार आणि रिकाम्या वेळी पत्ते, हेही आहेच. मी असं सुचवेन की आधी उपचार सुरू करा, निदान सहा महिने पैज न लावता जाऊ द्या, ठरलेले हप्ते भरले जाऊ द्या, तोवर त्याने कागदपत्रं आणि प्रशिक्षणाची तयारी करावी. पगारातला मोठा भाग थेट घरच्या खात्यात जाण्याची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवा.

एका गोष्टीला मात्र उशीर करू नका. कर्जात बुडालेल्या जुगाऱ्यांत आत्महत्येचा धोका खरा असतो. तो गप्प झाला, वस्तू वाटून टाकू लागला, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं बोलू लागला, तर त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत त्याच दिवशी घेऊन जा.

तशी घाई नसेल तर पहिल्या भेटीला येताना कर्जाची यादी, चालू औषधं आणि गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण आणा. त्याला एकट्याला आधी बोलू द्या, तुम्ही नंतर आत या. थोरल्याला त्या दिवशी बरोबर आणू नका. तो शेजारी बसला की धाकटा एक शब्दही खरा बोलणार नाही.